आडनाव न विचारता: परळमधल्या वाचनगटाची नोंद, जून ते नोव्हेंबर २०२४

ओळख, विशेषाधिकार आणि भेदभाव या विषयावर वाचनगट चालवायचा म्हटलं की पुस्तकांची अडचण येत नाही. मराठीत या विषयावरचं वैचारिक आणि आत्मकथनपर लेखन इतकं आहे की निवडताना काय सोडायचं हाच प्रश्न पडतो. खरी अडचण बैठका सुरू झाल्यावर येते. ज्यांनी सोसलंय त्यांनी बोलायचं आणि बाकीच्यांनी डोळे पुसत ऐकायचं, अशी वाटणी दोन-तीन शनिवारांत आपोआप होऊन बसते. ऐकणारे भारावून घरी जातात, बोलणारे थकतात आणि यायचे बंद होतात. परळमध्ये चालवलेल्या या गटाची सगळी आखणी ही वाटणी होऊ नये या एकाच गोष्टीसाठी केली होती. कुणाला असा गट सुरू करायचा असेल तर तारखा, खर्च, परवानग्या आणि कुठे काय अडतं हे सगळं एका जागी मिळावं, म्हणून ही नोंद.

तयारी मार्चमध्ये सुरू केली, कारण जागा मिळायला वेळ लागतो. पहिल्या मजल्यावरचा, पस्तीस-चाळीस माणसं मावतील असा ग्रंथालयाचा हॉल ठरवला. शनिवारी दुपारी चार ते सात, तीन तासांचं भाडं १,२०० रुपये, अनामत ३,०००. अर्ज दोन प्रतींत द्यायचा आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यायचीच. अशा संस्थांची कार्यकारिणी महिन्यातून एकदा बसते. सभेच्या दुसऱ्या दिवशी अर्ज गेला तर तो पुढचा महिनाभर फाइलमध्ये पडून राहतो, त्यामुळे आधी सभेची तारीख विचारावी. अर्जात विषय लिहिताना ‘सामाजिक विषयावर चर्चा’ असं मोघम लिहिलं की शंका वाढतात. आम्ही ‘वाचन व लेखन कार्यशाळा’ असं लिहून सोबत वाचायच्या पुस्तकांची यादी जोडली. तरी ‘हे जातीचं कशाला?’ असा प्रश्न आलाच. यादीतली निम्मी पुस्तकं त्यांच्याच कपाटात होती, हे दाखवल्यावर विषय मिटला. राजकीय किंवा धार्मिक प्रचार करणार नाही असं हमीपत्र साध्या कागदावर द्यावं लागलं. निवडणुकीच्या वर्षात ते सगळीकडेच मागतात. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही होत्या.

वार ठरवताना रविवार पहिल्यांदा बाद करावा. मेगाब्लॉकमुळे कल्याण-पनवेलकडून येणाऱ्यांचा सगळा दिवस मोडतो. शनिवारी सातला संपलं की बायकांना घरी पोचायला फार उशीर होत नाही. तारखा ठरवताना कॅलेंडर समोर हवं. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारीच होती, आणि परळ-लालबागला त्या दहा दिवसांत चालायलाही जागा नसते, म्हणून ३१ ऑगस्टनंतर थेट २१ सप्टेंबर धरला. १२ ऑक्टोबरला दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन एकत्र आले होते. तोही शनिवार सोडला.

गट सोळा जणांचा. त्याहून मोठ्या गटात चार-पाच जणच बोलत राहतात. जाहिरात समाजमाध्यमांवर टाकली की एकाच थरातले लोक येतात, म्हणून वस्तीतल्या अभ्यासिका, नर्सेसचं वसतिगृह, घरकामगारांची संघटना आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे सूचनाफलक, सगळीकडे कागद लावले. एक पथ्य कटाक्षाने पाळावं. कोणत्याही समाजाची एकच व्यक्ती गटात असेल तर तिच्यावर आपोआप त्या सगळ्या समाजाची वकिली येते. एकच मुस्लिम, एकच अपंग, एकच पारधी असं होत असेल तर थांबून आणखी दोघं-तिघं शोधावीत, सुरुवात पंधरवडाभर पुढे गेली तरी चालेल. आमची याच कारणाने मेअखेरची तारीख ८ जूनवर गेली. शुल्क शून्य, ३०० किंवा ७००, ज्याने त्याने ठरवून पाकिटात घालायचं. पाकिटावर नाव नाही. संचालन दोघांनी करायचं, त्यातली एक व्यक्ती दलित किंवा भटक्या-विमुक्त समाजातली असावी आणि दोघांनाही सारखं मानधन द्यावं. ‘अनुभव सांगायला या’ म्हणून एखाद्याला फुकट बोलावणं हीच मुळात त्या वाटणीची सुरुवात असते.

पहिल्याच दिवशी छातीवरच्या चिठ्ठीवर फक्त नाव लिहायचं ठरलं. आडनाव नाही, आणि ‘गाव कुठलं?’, ‘मूळचे कुठले?’ हे प्रश्नही नाहीत. हे प्रश्न कशासाठी विचारले जातात ते महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. नावापुढे ताई किंवा दादा, आणि सगळ्यांना अहो-जाहो. घरकाम करणाऱ्या दोघीजणी गटात होत्या. त्यांना कुणी सवयीने ‘मावशी, जरा चहाचं बघ ना’ म्हणू नये म्हणून चहाची पाळी कागदावर लावली आणि पहिल्या तीन पाळ्या पुरुषांना दिल्या. बाकीचे नियम चारच: इथलं बोलणं बाहेर न्यायचं तर नाव वगळून; कुणीही कारण न देता ‘पुढे जा’ म्हणू शकतं; पुस्तकात जातिवाचक शिवी आली तर वाचताना ‘शिवी’ एवढंच म्हणायचं; आणि स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग सांगायची कुणावरही सक्ती नाही, किंबहुना तो कुणी विचारायचाच नाही. चौथा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. अनुभव पुस्तकात आहे, तो लिहिणाऱ्याने विचारपूर्वक लिहिला आहे, छापला आहे. तो वाचायचा आणि त्यावर बोलायचं. समोरच्या माणसाकडून तो पुन्हा वसूल करायचा नाही.

वाचनाची सुरुवात १८५५ पासून केली. मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेतली सुमारे चौदा वर्षांची मातंग समाजातली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. निबंध लहान आहे, एका बैठकीत मोठ्याने वाचून होतो आणि झेरॉक्सला स्वामित्वहक्काची अडचण नाही. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नसतं, थंडी-पाऊस-वारा सोसावा लागतो, हे ती ज्या ठामपणे मांडते त्यावर पहिल्या दिवशी प्रश्न एवढाच ठेवला: ही मुलगी कुणाला उद्देशून लिहिते आहे, आणि ते वाचणाऱ्यांच्या घरात त्या वेळी काय-काय होतं? दुसऱ्या भागाची यादी करायला लोकांना वेळ लागतो. पक्कं घर, सुईण, विहीर, वेद वाचायचा अधिकार, अक्षरओळख. यादी भिंतीवर चिकटवली आणि शेवटपर्यंत काढली नाही. दुसऱ्याचं दुःख मोजण्याऐवजी आपल्याकडे आयतं काय आलं ते मोजायची सवय तिथून लागली.

दुसऱ्या बैठकीला ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’तले उतारे घेतले. पुस्तक १८८२ चं, त्यामुळे तेही मोकळं. भाषा तिखट आहे आणि मोठ्याने वाचायला फार सुंदर. मात्र जुनी वाक्यं लांब असतात. १६ पॉइंटच्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून पुन्हा टाइप करून घ्यावं, म्हणजे वाचनाची सवय तुटलेल्यांनाही वाचता येतं. त्याच दिवशी ओळखीचं वर्तुळ भरून घेतलं. कागदावर मधे आपलं नाव, भोवती दहा कप्पे: जात, धर्म, लिंग, घरातली भाषा, बोली, शिक्षण, काम, शरीर, राहायची जागा, कुणावर प्रेम करतो ते. ज्या कप्प्याचा विचार रोज करावा लागतो तो गडद रंगवायचा, ज्याचा वर्षात एकदाही करावा लागत नाही तो कोरा ठेवायचा. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, घडी करून घरी न्यायचा. बोलायचं ते फक्त कोऱ्या कप्प्यांविषयी. गडद कप्प्यांविषयी बोलायला लावलं की पुन्हा तीच वाटणी होते.

‘एक पाऊल पुढे’ हा खेळ बऱ्याच जणांना माहीत असतो. सगळे एका रेषेत उभे राहतात, संचालक विधान वाचतो, ते लागू पडत असेल तर एक पाऊल पुढे. शेवटी कोण कुठे उभं आहे ते दिसतं. हा खेळ लोकांच्या स्वतःच्या आयुष्यावर खेळला तर मागे राहिलेल्यांची सगळ्यांदेखत शोभा होते आणि पुढे गेलेल्यांना फुकटचा धडा मिळतो. म्हणून भूमिकांची कार्डं करावीत. प्रत्येक कार्डावर तीन ओळी पुरतात. आमच्या कार्डांपैकी काही अशी: पार्ल्यात स्वतःच्या घरात राहणारे निवृत्त ब्राह्मण शिक्षक. चेंबूरची बौद्ध नर्स, नोकरी कायम, वय २९. मीरा रोडला राहणारा मुस्लिम कॉम्प्युटर इंजिनियर. विरारहून फोर्टला येणारा, व्हीलचेअर वापरणारा बँक कर्मचारी. मालवणीत राहणारी बी.कॉम. झालेली तृतीयपंथी व्यक्ती. उड्डाणपुलाखाली राहणारा, कुठलंच ओळखपत्र नसलेला पारधी तरुण. मानखुर्दची घरकामगार, विधवा, दोन मुली. कार्ड वाटताना घाई करू नये. आधी पाच मिनिटं डोळे मिटून त्या माणसाचा सकाळी उठल्यापासूनचा दिवस मनात आणायला सांगावा, नाहीतर लोक नुसत्या अंदाजाने पावलं टाकतात.

विधानं अठरा होती, आणि ती मुंबईचीच हवीत. ‘भाड्याचं घर बघायला गेल्यावर पूर्ण नाव सांगताना मला दोनदा विचार करावा लागत नाही.’ ‘पोलीस ठाण्यात गेलो तर मला बसायला खुर्ची मिळते.’ ‘माझ्या डब्याच्या वासावर ऑफिसात कुणी बोलत नाही.’ ‘शेवटच्या लोकलने मी एकटा किंवा एकटी निर्धास्त येऊ शकते.’ ‘घरी पाणी किती वाजता येतं ते मला माहीत नसलं तरी चालतं.’ या शेवटच्या विधानाला अर्ध्या कार्डांना पुढे सरकता आलं नाही. आपल्या इमारतीत पाणी किती वाजता येतं, हेच काही जणांना आयुष्यात कधी ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे हा खेळ पावलांनी केलाच नाही. चालता न येणारी व्यक्ती गटात असली की हा खेळ तिच्यापुरता तिथेच संपतो. चार्ट पेपरची चार इंच रुंद लांब पट्टी कापून तिच्यावर वीस घरं आखली, प्रत्येकाला शर्टाचं वेगळ्या रंगाचं बटण दिलं आणि टेबलाभोवती बसून बटणं सरकवली. बसून खेळल्यामुळे आणखी एक फायदा होतो: शेवटी चर्चा लगेच सुरू होते, लोक पांगत नाहीत. चर्चेत ‘हे कार्ड कुणाचं असेल ओळखा’ असं करू नये. प्रत्येकाने आपलं कार्ड स्वतः वाचावं आणि कोणत्या विधानाला अडखळलो ते सांगावं. हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘नर्सची सरकारी नोकरी आहे, तिला काय अडचण?’ ते आलं की कार्डं तशीच ठेवून घर भाड्याने घेण्याचं विधान पुन्हा वाचायचं. पगार तोच, बटण कुठे थांबलं ते बघायचं.

जुलैच्या उत्तरार्धात डॉ. आंबेडकरांचं १९३६ चं, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि परिषदच रद्द झाल्यामुळे न झालेलं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण घेतलं. एक व्यावहारिक सूचना. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे मूळ इंग्रजी मजकूर २०१७ पासून मोकळा आहे, पण मराठी अनुवादांचे हक्क वेगळे असतात. राज्य शासनाने काढलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात मूळ मजकूर आहे. त्यातली चार पानं गटातल्या तिघांनी मिळून मराठीत आणली आणि तीच वाटली. जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हा त्यातला मुद्दा वाचून समजतो, पण अंगी लागत नाही. परळमध्ये बसून तो समजून घ्यायला गिरणीसारखं दुसरं उदाहरण नाही.

कापड गिरण्यांत विणकाम खात्यातली मजुरी चांगली होती, आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण असं, की धोट्यातली, म्हणजे आडवा दोरा नेणाऱ्या शटलमधली, कांडी बदलली की नवा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावा लागे. ज्याला अस्पृश्य मानलं त्याचं तोंड लागलेला धोटा आपण तोंडाला लावायचा नाही, म्हणून तो सबंध विभागच बंद. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. गटाने चार्ट पेपरवर गिरणीचा नकाशा काढला: कापूस आत येतो तिथपासून गाठी बाहेर जातात तिथपर्यंत. प्रत्येक खात्यावर कोण काम करू शकत होतं त्याच्या चिठ्ठ्या लावल्या. मग त्याच आकाराच्या कागदावर आजच्या एका टॉवरचा नकाशा: गेट, पार्किंग, लॉबी, लिफ्ट, सर्व्हिस लिफ्ट, सोळावा मजला, गच्चीवरची टाकी, कचऱ्याची खोली. पुन्हा चिठ्ठ्या. दुसऱ्या नकाशावर कुणाला भाषण द्यावं लागलं नाही. गटातल्या टॉवरवासीयांनी तो स्वतः भरला आणि घरकामगार, वॉचमन यांना शौचालय कुठे आहे, हे तिघांना सांगताच आलं नाही. चिठ्ठी कोरी राहिली.

३ ऑगस्टची बैठक अवघड गेली. दोनच दिवस आधी, १ ऑगस्टला, अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला, म्हणजे आरक्षणासाठी त्यांचे पोटगट पाडायला, मुभा देणारा सर्वोच्च न्यायालयाचा सात न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल आला होता आणि सगळ्यांना त्यावरच बोलायचं होतं. आरक्षणावरची चर्चा एकदा सुरू झाली की तीन तास पुरत नाहीत, आणि ज्यांच्या हक्काविषयी ती चालते ते गप्प होतात. असा विषय दाबू नये आणि मोकळाही सोडू नये. भिंतीवर ‘राखून ठेवलेले प्रश्न’ असा कागद लावून ठेवावा, प्रश्न त्यावर लिहावा, आणि पुढच्या वेळी कुणीतरी निकालातला मूळ परिच्छेद वाचून आल्यावरच अर्धा तास द्यावा. नुसत्या बातमीवर चर्चा नको. १७ ऑगस्टला तो अर्धा तास फार चांगला गेला, कारण सहा विरुद्ध एक अशा त्या निकालातली दोन्ही मतं कागदावर समोर होती.

त्यानंतर आत्मकथनं. दया पवार यांचं ‘बलुतं’ १९७८ चं, उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ २००३ चं. दोन्ही स्वामित्वहक्कात आहेत, म्हणून झेरॉक्स न काढता प्रत्येकी पाच प्रती विकत घेतल्या, तिघा-चौघांत एक, आणि शेवटी त्या ग्रंथालयाला दिल्या. ‘बलुतं’मधला मुंबईतल्या कावाखान्याचा, म्हणजे लेखक लहानपणी राहत होता त्या वस्तीचा, भाग निवडला. ‘आयदान’मधलं आईचं बांबूची सुपं-टोपल्या विणणं निवडलं, आणि त्यावर लिहायचं काम असं दिलं: आपल्या घरातली हाताने बनवलेली एक वस्तू घ्या आणि ती कुणी बनवली, किती पैसे मिळाले, त्या माणसाला तुमच्या घरात कुठपर्यंत यायची परवानगी होती, हे तीनच मुद्दे दहा ओळींत लिहा. भावनांचं वर्णन मागितलं की लेखन ढिसाळ होतं. वस्तू, पैसा आणि उंबरठा विचारला की ते आपोआप नेमकं होतं. एका ताईंनी आजीच्या घरातल्या पितळी पेल्याविषयी लिहिलं. पाणक्याला पाणी वरून ओतून द्यायचे आणि पेला फडताळात वेगळा, उपडा ठेवलेला. वाचून झाल्यावर त्यांना रडू आलं. अशा वेळी सगळा गट रडणाऱ्याकडे वळतो, पाणी आणतो, पाठीवर हात ठेवतो, आणि पाणक्याचा विषय तिथेच सुटतो. संचालकाने दोन मिनिटं थांबून शांतपणे तीच ओळ पुन्हा वाचायला सांगावी. आम्ही तेच केलं. त्या ताईंनीच पुन्हा वाचली, आणि चर्चा पेल्यावर परत आली.

२१ सप्टेंबरला नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ घेतलं आणि त्याच दिवशी टेप घेऊन हॉलची मापं काढली. जिन्याच्या पायऱ्या, दरवाज्याची रुंदी, शौचालयाच्या दाराशी असलेला उंबरा. मापांचा एक पानाचा कागद व्यवस्थापनाला दिला. पुढच्या दोन बैठका तळमजल्यावरच्या वाचनकक्षात घेता आल्या. त्यासाठी वेगळा अर्ज आणि दर वेळी २०० रुपये जास्त लागले.

ऑक्टोबरचे दोन शनिवार नाटकाला दिले. ब्राझीलचे नाट्यकर्मी आउगुस्तो बोआल यांनी मांडलेलं फोरम थिएटर हे या कामासाठी फार उपयोगाचं साधन आहे. पद्धत सोपी आहे. आठ-दहा मिनिटांचा प्रसंग बसवायचा, तो अन्यायावरच संपला पाहिजे. एकदा पूर्ण दाखवायचा. दुसऱ्यांदा सुरू झाला की प्रेक्षकांतलं कुणीही ‘थांबा’ म्हणून सोसणाऱ्या पात्राच्या जागी उभं राहतं आणि वेगळं काही करून बघतं. बाकीची पात्रं आपापल्या भूमिकेला चिकटून विरोध करत राहतात. सूत्रधार प्रत्येक प्रयत्नानंतर विचारतो: यातून काय मिळालं, काय गमावलं, हे उद्या खरंच करता येईल का? अन्याय करणाऱ्याच्या जागी कुणालाही उभं राहू द्यायचं नाही. तसं केलं की घरमालक अचानक सज्जन होतो आणि नाटकच संपतं.

आमचा प्रसंग भाड्याच्या घराचा. नवरा-बायको फ्लॅट बघतात, टोकन द्यायची तयारी होते, एजंट नाव विचारतो, मग मालक म्हणतो, ‘माझी काही हरकत नाही हो, पण सोसायटीचं तुम्हाला माहीतच आहे.’ सचिव म्हणतात, ‘इथे सगळे व्हेज आहेत.’ लोकांनी करून बघितलेले उपाय: आडनाव वेगळं सांगणं, नकार लेखी मागणं, एजंटकडून मेसेजवर कारण लिहून घेणं, कायद्याचा धाक घालणं. कायद्याचा उपाय आला की वस्तुस्थिती सांगावी लागते. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते येतात, खाजगी भाड्याच्या घराचा त्यात उल्लेख नाही. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या २००५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी, म्हणजे संस्थेचा स्वतःचा नियम, मान्य केला होता. हे ऐकल्यावर हॉलमध्ये निराशा पसरते. तिथे आम्ही मूळ पद्धतीत एक भर घातली. जिन्यात उभा राहून सगळं ऐकणारा, काहीच न बोलणारा शेजारी हे पात्र प्रसंगात आधीपासून होतं. तिसऱ्या फेरीत फक्त त्याची जागा बदलता येईल असं जाहीर केलं, आणि ती ज्यांच्या नावावर मुंबईत फ्लॅट आहे त्यांनीच घ्यायची. तोवर मागे बसलेल्यांना पहिल्यांदा घाम फुटला. सचिवांना ‘हा ठराव कोणत्या सभेत झाला, इतिवृत्त दाखवा’ असं विचारणं मोठमोठ्या भाषणांपेक्षा जास्त अडचणीचं ठरतं, हे करून बघताना कळलं.

प्रयोग बाहेरच्या प्रेक्षकांपुढे करायची अनेकांची इच्छा होती. महाराष्ट्रात जाहीर नाट्यप्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि फोरम थिएटरचा दुसरा भाग प्रेक्षक घडवतात, त्याची संहिता नसतेच. त्यामुळे तिकीट नाही, जाहिरात नाही, गटाचे सदस्य आणि त्यांनी आणलेली घरची माणसं एवढ्यांपुरतंच ३० नोव्हेंबरला सादरीकरण ठेवलं.

त्याआधी ९ नोव्हेंबरला आठ पानी पुस्तिका केल्या. ए-फोर कागदाची आडवी-उभी तीनदा घडी घालून आठ चौकोन करायचे, उघडून आखूड बाजू जुळवत एकच घडी घालायची, घडीच्या बाजूने मधल्या रेषेवर अर्ध्यापर्यंत कात्री चालवायची. कागद उलगडून लांबीत दुमडला आणि दोन्ही टोकं आत ढकलली की मधली चीर उघडते आणि पुस्तिका तयार होते. वरच्या ओळीतली चार पानं उलटी लिहायची हे आधी शिसाने खुणा करून ठेवावं. कडेला एक सेंटिमीटर मोकळं सोडावं, झेरॉक्सचं यंत्र कडा खातं. निळं स्केचपेन फिकट येतं, काळं वापरावं. एका पुस्तिकेची एक बाजू झेरॉक्स दोन रुपये, शंभर प्रतींना दोनशे. छापण्याआधी प्रत्येकाकडून संमती लिहून घेतली, आणि ज्याच्या लेखनात दुसऱ्या कुणाचं घर ओळखू येत होतं ते बदलून घेतलं. एकूण खर्चात भाडं आणि मानधन मिळून तीन-चतुर्थांश गेलं. पुस्तकं, कागद, चहा आणि लांबून येणाऱ्यांचा प्रवासखर्च उरलेल्यात बसला. अनामत परत मिळायला मूळ पावती आणि रद्द केलेला धनादेश लागतो. पावतीचा फोटो चालत नाही.

शेवटच्या बैठकीत अभिप्रायाऐवजी एकच कागद भरून घेतला: तुमच्या मताला जिथे किंमत आहे अशी एक जागा, आणि तिथला बदलायचा एक नियम. सर्वाधिक कागदांवर सोसायटी होती. घरकामगारांना लिफ्टची मनाई करणारी पाटी, वॉचमन आणि घरकामगारांसाठी शौचालय, भाडेकरूंविषयीचे तोंडी फतवे. त्यासाठीची वाट अशी आहे. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी निघते. विषय नोटिशीत यायचा तर ऑगस्टच्या सुरुवातीलाच सचिवांना पत्र देऊन पोच घ्यावी. मधल्या काळात विशेष सभा मागायची तर एक-पंचमांश सभासदांच्या सह्या लागतात. भाडेकरूला विषय मांडता येत नाही, मालकाला सोबत घ्यावं लागतं. आमचा गट नोव्हेंबरात संपला तेव्हा सगळ्यांच्या सभा होऊन गेल्या होत्या, म्हणून पुढचा गट फेब्रुवारी ते जुलै असा आखला आहे. नोटिशीत विषय आला नाही तर सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ या कलमात तो मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. त्यावर ठराव होईलच असं नाही, पण पुढच्या वर्षीच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करताना तो विषय सगळ्यांसमोर पुन्हा वाचला जातो, आणि त्या वेळी सूचक-अनुमोदकांची नावं तयार ठेवता येतात.